डकोटावरचं सिद्रामचं अक्षर

मुरूमच्या स्टँडवर गुलबर्ग्याची गाडी लागली होती. माझ्या एका हातात पत्र्याची पेटी होती आणि काखेत अव्वाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला दीड हात लांबीचा बोर्ड. आमच्याकडं आईला अव्वा म्हणतात. ती डोळ्याला पदर लावून, ‘पाणी उकळून पी’ एवढंच परत परत सांगत होती. माझा धाकटा भाऊ सिद्राम मात्र रडत नव्हता. त्याचा सगळा जीव त्या बोर्डात होता.

“अण्णा, मांडीवर धरा. खाली टेकवू नका. अन् साहेबाला सांगा, माझ्या भावानं काढलंय. त्याला बी बोलवा म्हणा.”

मी हो म्हणालो आणि गाडीत चढलो. मुरूमकरांनो, आणि मुरूम सोडून माझ्यासारखे लांब गेलेल्यांनो, त्या ‘हो’चं पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. ते सांगायलाच हे लिहायला बसलोय. मात्र रडगाणं नाही हे. गेलं वर्षभर आम्ही दोघं म्हातारे भाऊ जेवढं हसलो तेवढं आयुष्यात हसलो नव्हतो.

बंगळूरच्या एका विमान कारखान्यात रंगखात्यात माणसं भरायची होती. मी आयटीआयला पेंटरचा कोर्स केला होता. सपाट रंग मारायला माझा हात बरा, पण अक्षर अगदी बेताचं. सिद्रामनं शाळा आठवीत सोडलेली, पण सतराव्या वर्षीच मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही अक्षरं तो पट्टी न लावता एका दमात काढायचा. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्याच. कारखान्याच्या पत्रात लिहिलं होतं, ‘स्वतःच्या हाताचा नमुना सोबत आणावा.’ माझा नमुना पेटीत होता. काखेतला बोर्ड सिद्रामचा. तीन लिप्यांत तीन ओळी आणि खालच्या कोपऱ्यात, सगळे पेंटर टाकतात तशी, बारीक सही: सिद्राम, मुरूम.

गुलबर्ग्याच्या फलाटावर त्याच मुलाखतीला निघालेले दोघं भेटले. त्यांनी आपापले नमुने दाखवले. ते बघून मी पेटी उघडलीच नाही. ते चहाला गेल्यावर मी दाढीचं पातं काढलं आणि कोपऱ्यातली सही खरवडून टाकली.

बंगळूरला फोरमननं बोर्ड हातात घेतला. उजेडाकडं धरला. आणखी दोघांना बोलावलं. “तुंबा चन्नागिदे,” म्हणाला, लई छान आहे. मग कोपऱ्यातला ओरखडा दाखवून विचारलं, हे काय? मी म्हणालो, “बस में घिस गया.”

नोकरी लागली. भावाला बोलवा, हे मी म्हणालो नाही, कारण तो आला असता तर कुणाचं अक्षर कुणाचं हे पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं. घरी पत्र लिहिलं: ‘सिद्रामचा बोर्ड दाखवला. पण असलं अक्षर इथं चालत नाही म्हणाले.’

खरं तर कारखान्यात सगळं स्टेन्सिलनं व्हायचं, त्यामुळं मी निभावून गेलो. अव्वा गावभर सांगत फिरायची, ‘माझ्या थोरल्याचं अक्षर आभाळात गेलं.’ ती तेच खरं मानून गेली. मी निवृत्त झालो तेव्हा तुम्ही माझा सत्कार केलात, फेटा बांधलात. माझ्यामागं जो बोर्ड लावला होता, ‘मुरूमचे सुपुत्र, अक्षरांचे जादूगार’, तो कुणी रंगवला होता आठवतंय? सिद्रामनं. माझ्या नावातला रफार त्यानं असा काही काढला होता की मला मान वर करवेना.

आता बंगळूरला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मी आणि माझी बायको निर्मला राहतो. निवृत्तीनंतर मला फ्लाइट सिम्युलेटरचा नाद लागला. म्हणजे कॉम्प्युटरवर विमान चालवायचं, खरंखुरं वाटावं असं. आयुष्यभर विमानं रंगवली, आत बसून उडवलं एकही नाही. सकाळी आंघोळ झाली की जॉयस्टिक धरून बसतो. निर्मला म्हणते, “झालं? निघाली स्वारी? येताना कोथिंबीर आणा.”

पण उडवण्याहून मोठं सुख वेगळंच आहे. जगभरचे हौशी लोक स्वतः विमानं तयार करतात आणि वेबसाइटवर फुकट ठेवून देतात. कुणी पोलंडचा माणूस लाकडी ग्लायडर करतो. कुणी फवारणीचं विमान करतो, त्यात औषधाची टाकी रिकामी होत जाते तसं नाक हलकं होतं! काही जण फक्त रंगकाम करतात. विमानाच्या अंगावरच्या रंगाला, पट्ट्यांना, नावाला लिव्हरी म्हणतात. बंद पडलेल्या कंपन्यांच्या, कुणाच्या आजोबांच्या फ्लाइंग क्लबच्या लिव्हऱ्या लोक महिना-महिना बसून करतात आणि वाटून टाकतात. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा गुरुद्वाऱ्याच्या लंगरात बसल्यासारखं वाटलं. वाढणारा दिसत नाही, पण पान भरलेलं.

त्यात एक डकोटा होतं, जुन्या काळचं दोन पंख्यांचं विमान. न्यूझीलंडच्या ॲलन नावाच्या निवृत्त मास्तरानं कैक वर्षं खपून केलेलं. इंजिन सुरू करताना आधी खोकतं, मग धूर सोडतं, मग लागतं. आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरसारखंच. मी त्याच्या प्रेमात पडलो. रंगकाम तर माझंच काम होतं, म्हणून मी त्याला लिव्हरी करायला घेतली: ‘मुरूम–गुलबर्गा हवाई सेवा’. रंग पिवळा, पट्टा लाल. अक्षर मात्र मला जमेना. मग सिद्रामच्या पेंटिंगच्या दुकानाच्या पाटीचा फोटो माझ्याकडं होता, त्यावरून एकेक अक्षर उचललं आणि विमानावर बसवलं. काय दिसलं म्हणून सांगू! डकोटा नवरदेवासारखं उभं राहिलं.

वेबसाइटवर चढवायला गेलो तर शेवटी एक चौकोन आला. तिथला नियमच आहे तो: हे सगळं काम तुमचंच आहे का? दुसऱ्या कुणाचं असेल तर त्याचं नाव लिहा आणि परवानगी घेतली का ते सांगा.

फुकट वाटणारी माणसं ती. पण एका चाकाचं चित्र घेतलं तरी मूळ माणसाचं नाव लिहितात. कुणी विसरलं तर बाकीचे त्याला सोडत नाहीत. मी त्या चौकोनाकडं बघत राहिलो. परत तेच अक्षर माझ्या काखेत होतं, आणि परत कुणीतरी विचारत होतं, कुणाचं हे?

निर्मला चहा घेऊन आली. तिलाही मी कधी सांगितलं नव्हतं. त्या सकाळी सांगितलं. तिनं कप खाली ठेवला. मग म्हणाली, “मला काय सांगताय? फोन तिकडं लावा.”

सिद्राम दुकानात होता. मी सगळं सांगितलं. पातं, फलाट, बस में घिस गया, घरी लिहिलेलं पत्र.

“म्हंजी,” तो हळूच म्हणाला, “माझं अक्षर त्यांनी नापास केलं नव्हतं?”

“नाही रे.”

“मग काय म्हणले?”

“तुंबा चन्नागिदे म्हणाले. आणखी दोघांना बोलावून दाखवलं.”

“परत सांगा.”

मी परत सांगितलं. बोर्ड कसा धरला होता, कुठल्या ओळीवर बोट ठेवलं होतं, सगळं विचारून घेतलं त्यानं. म्हणाला, “म्या इतकी वर्षं कन्नड ओळ चुकली आसंल म्हणून झुरायलो, अण्णा. दर पाटीला कन्नड अक्षर काढताना हात आखडायचा माझा.” मग त्याचा आवाज बदलला. “आता फोन ठिवा. अन् म्या केल्याबिगर करू नका.”

सिम्युलेटर उघडलं नाही. पुढचे दिवस कसे गेले ते निर्मलाला विचारा. पाचव्या दिवशी सकाळी फोन वाजला.

“ते विमान लांबीला किती हाय?”

“अं?”

“विमान, विमान! फूट सांगा. अन् माझी पाटी उचलून चिटकवली म्हणायलाव व्हय तुम्ही? पाटीचं अक्षर पाटीला. गोल अंगावर ते बसंल का? पोटाकडं फाकंल की!”

“मग परवानगी देतोस?”

“देतो. पण मला सांगून भागायचं न्हाय. गावानं फेटा बांधलाय तुम्हाला. गावाला सांगा.”

म्हणून हे सांगणं आहे, मुरूमकरांनो. फेटा ज्याचा होता त्याला द्या.

मी लॅपटॉप घेऊन मुरूमला आलो. सिद्रामनं दुकानात स्टूल दिलं, डकोटाचा फोटो चहूबाजूंनी बघितला आणि म्हणाला, “खिडक्याची रांग हीच शिरोरेघ. अक्षर तिला लटकवायचं.” चाळीस वर्षं विमानांवर रंग मारून मला हे सुचलं नव्हतं. त्यानं ड्रॉइंग पेपरवर ब्रशनं अक्षरं काढली, मी फोटो काढून कॉम्प्युटरवर बसवली. डावीकडून बघितलं, झकास. उजवी बाजू मी तोवर बघितलीच नव्हती; फिरवलं तर सगळं उलटं! आरशात दिसावं तसं. ॲलननं दोन्ही बाजूंना एकच चित्र वापरलं होतं.

सिद्राम पोट धरून हसला. “अँब्युलन्स झाली की ही! म्होरल्या विमानाच्या आरशात वाचायची.” भावजय चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, “भावजी, निम्मं गाव तिकडनं बघंल, निम्मं हिकडनं. भांडणं लागत्याल.”

मी ॲलनला लिहिलं, माझा भाऊ पेंटर आहे, त्याची अक्षरं उलटी पडतायत. दोन दिवसांत त्या माणसानं दोन्ही बाजू वेगळ्या करून विमान नव्यानं पाठवलं. सोबत ओळ: तुमच्या भावाला सांगा, एवढं सुंदर काही माझ्या विमानावर अजून कुणी काढलेलं नाही.

“आपल्यासाठी बसला तो? दोन दिवस? वळख ना पाळख?” सिद्राम म्हणाला. मग उठून एक पत्रा घेतला, त्यावर ॲलन हे नाव मराठीत आणि खाली कन्नडमध्ये रंगवलं. कन्नड ओळ त्यानं ब्रश न उचलता काढली. फोटो पाठवला. ॲलननं तो मोठा करून छापला आणि आपल्या फाटकावर लावला. आता तिकडचा पोस्टमन रोज मुरूमचं अक्षर बघतो.

लिव्हरी चढवली. चौकोनात लिहिलं, ‘अक्षर आणि रंगसंगती: सिद्राम, मुरूम. हाताखालचा: त्याचा थोरला भाऊ.’ लोकांनी ती उतरवून घेतली, आपापल्या आभाळात उडवली आणि फोटो पाठवले. मुरूम–गुलबर्गा हवाई सेवा बर्फात उतरलेली, समुद्रावरून चाललेली. एका फोटोत मागं ज्वालामुखी! सिद्राम म्हणाला, “हे कुठलं मधलं स्टॉप?” मग मागण्या यायला लागल्या. चिलीतल्या एका बाईंना त्यांच्या गावाचं नाव या लिपीत हवं होतं. एकानं विचारलं, ट्रकच्या मागं काढतात तसली फुलं मिळतील का. सिद्राम रोज सकाळी विचारतो, “आज कुठलं गाव आलंय?”

आम्ही त्या डकोटात बसून मुरूमवरनं पण गेलो. सिम्युलेटरमध्ये मुरूम म्हणजे नुसती हिरवी-तपकिरी चादर, वर कुणीतरी शिंपडलेली सारखीच घरं. आपल्या ओळखीचं एकही नाही. माझं तोंड पडलं. सिद्राम म्हणाला, “त्यात काय? घर करणारे बी हौशीच आसत्याल की. आपण करू. आधी स्टँड.” आता मी बिनपैशाचं सॉफ्टवेअर घेऊन घरं करायला शिकतोय.

महिन्यातले पंधरा दिवस मी मुरूमला असतो. पूर्वीही यायचो, पण पाहुणा म्हणून. पाहुण्याला उंच पाट देतात, गोड वाढतात आणि त्याची चूक कुणी काढत नाही. आता कुणी पाट देत नाही. काल मी चिलीच्या गावाची वेलांटी बसवत होतो, तर मागून आवाज आला, “अण्णा, पुसा ते. परत घ्या. इतकी वर्षं विमानाच्या कारखान्यात काय करत व्हता काय की!”

मी पुसलं आणि परत घेतलं. भावजय आतून ओरडली, भाकरी गार होतीय, दोघं बी उठा. सिद्राम म्हणाला, “ह्यांची वेलांटी हू दे, मग.” घर कुठंय, असं मला आता कुणी विचारलं तर मी या स्टुलाचा पत्ता देतो.