रिकाम्या डाल्यातला कोंबडा

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी सुपारी कातरत हसणारा माणूस. आजही हसतो... ही एक गोष्ट सोडून.

पन्नासच्या दशकातली. चांदा जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पुढे एका टोल्यावर, म्हणजे छोट्या पाड्यावर, ढोरांच्या दवाखान्याचा कंपाउंडर म्हणून गेलो होतो. बर्ड फ्लू हे नाव तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं, आम्हाला माहीत ती मानमोडी, कोंबड्यांच्या माना पिळवटून मारणारी साथ. शेजारच्या गावातली खुराडी तिनं रिकामी केली होती. रोग रानातल्या पाखरांत शिरलाय का, हे बघायला डॉक्टरसाहेबांना रानकोंबड्याचं रक्त हवं होतं. तो धरायची तिथली रीत अशी — पाळीव कोंबडा रानात बांधायचा, तो आरवला की रानकोंबडा भांडायला येतो नि फासात अडकतो.

असा कोंबडा होता बुधीबाईकडे. विधवा बाई, कोंबड्यांवरच तिची मीठ-मिरची चालायची.

"त्याले रोग लागला त माह्यं खुराडंच बसन, डॉक्टरभाऊ," ती म्हणाली. मी कंपाउंडर, पण तिच्या लेखी डॉक्टरच. फार विनवलं तेव्हा म्हणाली, "मी पहाटंच मोहा वेचाले जाईन. अंगणातल्या डाल्याखालून घेऊन जा."

पहाटे डाल्याची पालथी टोपली उचलली. कोंबडा मुकाट हातात आला, गरम, छाती धडधडत असलेला. नाल्याअलीकडे त्याला बांधून मी झुडपामागे बसलो. तो आरवला. मग तोच आवाज नाल्यापलीकडून यायला लागला. जाऊन बघतो तर दोरीची गाठ तशीच, पायाचा फास आवळलेला, आणि कोंबडा गायब. चडफडत आवाजामागे गेलो... बांबूच्या बेटात रानकोंबड्या मरून पडल्या होत्या, माना पिळलेल्या. आवाज थांबला.

आता बाईला काय तोंड दाखवू, म्हणत परतलो. ती अंगणात मोहा पसरत होती.

"बाई, तुमचा कोंबडा..."

तिनं मान खाली घातली. "रागावू नका भाऊ. माह्या जिवानं नाई घेतलं. रातीच त्याले घरात कोंडलं. डालं रिकामंच होतं."

आत कोंबडा आरवला.

बेटातल्या मेलेल्या कोंबड्यांवरून रोग पार नाल्यापर्यंत आलाय, हे कळल्यावर साहेबांनी ताबडतोब लस आणून टोल्यावरच्या कोंबड्यांना टोचली. मानमोडी तिथं आलीच नाही. पावसाळ्यात गेलो तर बुधीबाईच्या अंगणात पिलांचा नुसता चिवचिवाट. इतका आनंद मला पगारवाढीनंही झाला नव्हता.

रोगाचं, लसीचं सगळं समजावून सांगता येतं मला. माझ्या हातात धडधडत होतं ते काय, हे मात्र अजून सांगता येत नाही. बाईच्या कोंबड्याच्या जागी ते आलं होतं, एवढं खरं.