मामांचं ढकलायचं मशिन

आमच्या घरापुढं हरळीचा एक तुकडा आहे. लांबीला बारा पावलं, रुंदीला आठ. मामा, म्हणजे माझे सासरे, त्याला लॉन म्हणतात. शिरोलीच्या एमआयडीसीत त्यांनी उभा जन्म लेथवर काढला, टर्नर म्हणून. ते निवृत्त झाल्यावर कळंब्याच्या बाजूला आम्ही हे घर बांधलं, तेव्हा पुढच्या मोकळ्या जागेत माझ्या नवऱ्याला फरशी घालायची होती. मामा म्हणाले, "तीस वर्सं पायाखाली लोखंडाचा कीस हुता. आता पायाला मऊ लागंल आसं कायतरी पायजे."

त्यांनी स्वतः हरळीच्या कांड्या आणून लावल्या. शेजारच्या काकू कंपाउंडच्या भिंतीपलीकडून बघत होत्या. त्यांचं जैन घराणं पिढ्यान्‌पिढ्या शेतीतलं, शेत शिरोळकडं. त्यांना हसू आवरेना.

"आवो, आमी जल्मभर हरळी उपटून काढली, आन् तुमी हौसंनं लावताय व्हय?"

"तुमच्या रानात मरत न्हाय म्हंतासा न्हवं? मग हितं बी मरायची न्हाय की," मामा म्हणाले.

मेली नाहीच. दर पंधरा दिवसांनी मामा पाटावर बसून मोठ्या कात्रीनं गवत कापायचे. फाटकापासून सुरू करायचे, एकेक पट्टा संपवत पायरीपर्यंत यायचे. दोन दिवस लागायचे. लेथवर काम केलेल्या माणसाला उंचसखल खपत नाही. कापून झालं की चप्पल काढून त्यावरून फिरायचे आणि एखाद्या ठिकाणी थांबून परत कात्री मागायचे.

मग काचबिंदू झाला. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं, यात आधी बाजूचं दिसणं जातं, मग समोरचं लहान होत जातं, आणि गेलेलं परत येत नाही. मामांनी ते आमच्यापासून बराच काळ लपवलं होतं. आम्हाला कळलं तेव्हा ते माणसं पावलांवरून ओळखायला लागले होते. मी शाळेत शिकवते. घरी आले की म्हणायचे, "दमलीस वाटतं आज." मी तोंडही उघडलेलं नसायचं.

गवत मात्र ते कापतच होते. गेल्या वर्षी एक दिवस मी शाळेतून आले आणि फाटकातच थबकले. गवताच्या कडेनं लावलेली अबोलीची सगळी ओळ बुडापासून कापलेली होती. तांबूस फुलं गवताच्या ढिगात मिसळून पडली होती. मामा आत झोपले होते, समाधानानं. त्यांना पत्ताही नव्हता. नवरा कामावरून यायच्या आत मी ती फुलं, त्या काड्या गोळा करून मागच्या खड्ड्यात टाकल्या. दुसऱ्या दिवशी नर्सरीतून अबोलीची रोपं आणली आणि मामा दुपारचे आडवे झाल्यावर लावून टाकली. कुणालाच बोलले नाही.

पंधरा दिवसांनी कात्री त्यांच्या बोटात गेली. तीन टाके पडले. माझा नवरा कागलच्या एमआयडीसीतून धावत आला. बोट शाबूत आहे हे बघितल्यावर त्याची भीती रागावर गेली.

"बास झालं आता, आण्णा! ही हरळी काढून पेव्हिंग ब्लॉक घालूया. उद्याच माणूस बोलावतो."

मामा पायरीवर जाऊन बसले, पाय गवतात ठेवून. दोन्ही पायांची बोटं हलत होती, लहान मुलं पाण्यात पाय सोडून बसतात ना, तशी. मी ते पाय बघितले आणि नवऱ्याला म्हणाले, "मला एक आठवडा दे. गवत कापायचं मशिन बघते."

"मशिन? कात्रीनं बोट कापलं. मशिननं हात जाईल."

त्याचं चुकत नव्हतं. पण एक आठवडा त्यानं दिला.

मधल्या सुट्टीत मी मोबाईलवर मशिनं बघत बसायचे. प्रत्येक फोटोत एवढं मोठं हिरवळीचं पटांगण असायचं की आमचं घर त्यात चार वेळा बसलं असतं. शेवटी विजेवर चालणारं, हलकं, छोटं असं एक मनात धरलं, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मामांना रिक्षात घालून शाहूपुरीत शेतीच्या अवजारांच्या दुकानात घेऊन गेले.

दुकानदार पन्नाशीचा, आवाज खणखणीत. "या पावणं! गवताचं मशिन? किती एकर हाय?"

"एकर नाही हो. घरापुढचं अंगण. अर्धा गुंठा."

"अर्धा गुंठा?" तो हसला. "मग एक शेरडू बांधा की, चरून टाकंल!"

मामाही हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

त्यानं आधी पेट्रोलचं मशिन पुढं ओढलं आणि दोरी खेचून चालू केलं. दुकानातले पत्रे थरथरले. मामांनी माझं कोपर घट्ट धरलं. ते एकदा इकडं, एकदा तिकडं मान वळवत होते, गर्दीत हात सुटलेल्या माणसासारखे. त्यांना असं मी कधीच बघितलं नव्हतं. मी ओरडून मशिन बंद करायला लावलं.

"आवाज जरा हायच ह्येला," दुकानदार म्हणाला.

"आवाजात मला काय दिसंना झालं," मामा म्हणाले.

दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. मला तेव्हा कळलं की मी मोबाईलवर जे बघत होते ते सगळं डोळसांचं होतं. वजन, रुंदी, रंग. मामांना काय लागेल हे मी विचारलंच नव्हतं.

मग विजेचं मशिन आलं. मामांनी मूठ चाचपली, बटण चाचपलं, आणि मग वायर हातात धरून तिच्या टोकापर्यंत चालत गेले. "ही माज्या मागनं फिरणार," ते म्हणाले, "आन् मी हिच्यावरनं." वायर त्यांनी नीट गुंडाळून परत ठेवली.

"मामा, बॅटरीवरचं पण आहे. त्याला वायर नाही," मी म्हटलं.

त्यांनी दुकानदाराला विचारलं, "बटन सोडल्यावर पातं किती येळ फिरतं?"

"फिरतंय की दोन-तीन सेकंद."

"मग नको. लेथ बंद केला तरी त्यात लावलेला लोखंडाचा जॉब फिरत ऱ्हातो. त्या दोन सेकंदात लोकांची बोटं गेलेली मी बगितल्यात."

माझं अवसान गळालं. तिन्ही मशिनं संपली होती. मनातल्या मनात मी अंगणात ब्लॉक बसलेले बघायला लागले. तेवढ्यात मामा म्हणाले, "ढकलायचं हाय का तुमच्याकडं? चाक फिरलं की पातं फिरतं, चाक थांबलं की पातं थांबतं. आमच्या मालकाच्या बंगल्यावर माळी चालवायचा. त्येची पाती धारंला आमच्याकडंच यायची."

दुकानदार जरा आठवत उभा राहिला. "एक हाय. पर कोण घेत न्हाय वो आता." त्यानं मागच्या खोलीतल्या खुंटीवरून ते काढलं. दोन चाकं, मधे पिळदार पात्यांचा रूळ, लांब दांडा. धूळ बसलेली.

मामा सरळ फरशीवर बसले. "पोरी, कागद हाय का?"

मी पर्समधलं एक जाहिरातीचं पत्रक दिलं. त्यांनी मशिन उताणं केलं, एका हातानं चाक हळूहळू फिरवत दुसऱ्या हातानं कागद पात्यात सरकवला. डावीकडं कागद कात्रीनं कापल्यासारखा सर्रकन कापला गेला. उजवीकडं नुसता चुरगळला. त्यांनी कान खाली नेला, पुन्हा चाक फिरवलं.

"उजवीकडं पातं टेकत न्हाय. पाना द्या जरा. धा नंबरचा."

दुकानदारानं पाना आणून दिला. मामांनी बोटांनी बोल्ट शोधला, पाव आटा फिरवला, कान लावला, परत अगदी जरासा फिरवला. टाके पडलेलं बोट उचलून धरलेलं होतं, बाकीची नऊ कामाला लागली होती. मग कागद घातला. या टोकापासून त्या टोकापर्यंत कापला गेला.

दुकानातली दोन गिऱ्हाइकं बघत उभी राहिली होती. दुकानदार म्हणाला, "आजोबा, नजर लई तेज हाय की तुमची!"

"दिसत न्हाय मला," मामा म्हणाले. "कळतंय."

तो कुणाला तरी हाक मारून म्हणाला, "च्या सांग रे." मशिन त्यानं स्वतः उचलून रिक्षात ठेवलं.

परत येताना मामा मशिनचा दांडा दोन गुडघ्यांत धरून बसले होते. दाभोळकर कॉर्नरला सिग्नल लागला तेव्हा म्हणाले, "अबोली नवी लावलीस न्हवं?"

मी वळून त्यांच्याकडं बघितलं.

"जुन्या झाडांचं पान जाड हुतं. पाणी घालताना हाताला लागलं," ते म्हणाले. "मीच कापली आसणार. तू बोलली न्हाईस, म्हणून मी बी बोललो न्हाई."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले.

घरी नवऱ्यानं मशिन उलटंसुलटं करून बघितलं. चाक थांबवलं, पातं थांबलं. तरी रविवारी म्हणाला, "आधी मी कापतो. तुम्ही बसा."

त्यानं कापलं. मग मामा चप्पल काढून त्यावरून गेले आणि म्हणाले, "मदी वरंबं सोडल्यास." खरंच, दोन पट्ट्यांच्या मधे गवताच्या रेघा राहिल्या होत्या.

मग मामांची पाळी. पायात नवऱ्याचे कंपनीतले बूट. त्यांनी दांडा धरला आणि ढकलत निघाले. चार-पाच पावलं सरळ गेले, मग तिरके होत गेले आणि मशिन भिंतीवर आपटलं. काही झालं नाही, ते थांबले आणि पातंही थांबलं. परत मागं येऊन निघाले. या वेळी कुंडीवर. तिसऱ्यांदा त्यांनी दांडा धरला, पण निघालेच नाहीत.

"दिशाच लागंना," ते म्हणाले. इतक्या हळू की मला वाटलं, ते आम्हाला ऐकवायचंच नव्हतं.

नवरा सरळ घरात निघून गेला. मला त्याचा राग आला. वाटलं, आता हा ब्लॉकचं काढणार. मामांना मी पायरीवर आणून बसवलं. त्या दिवशी ते अर्धीच भाकरी जेवले.

बुधवारी नवरा कामावरून आला तो जड पिशवी घेऊन. तीत लोखंडाचे दोन गज होते, वर कडी असलेले, आणि पाइपचे वीतभर लांबीचे पुष्कळ तुकडे, नायलॉनची दोरी. कपडे न बदलता तो अंगणात उतरला. गवताच्या दोन्ही टोकांना, पायरीकडं आणि फाटकाकडं, त्यानं वीत-वीत अंतरावर पाइपचे तुकडे जमिनीत ठोकले. दोन्हीकडं एकेक गज पाइपात उभा केला आणि दोघांमधे कमरेच्या उंचीवर दोरी ताणली. एक पट्टा झाला की दोन्ही गज उचलून पुढच्या पाइपात ठेवायचे. दोरी कमरेला घासत ठेवून चालायचं, बस.

मामा उठून गेले. गज वरपासून खालपर्यंत चाचपला. कडीपाशी बोट थांबलं.

"वेल्डिंग कुणाचं?"

"माझंच. जेवणाच्या सुट्टीत केलं."

"कडंला गोळा झालाय."

"व्हय."

"तरी बरं हाय," मामा म्हणाले, आणि त्यांचा हात गजावरून नवऱ्याच्या मनगटावर गेला, तिथं थोडा वेळ राहिला. या बापलेकांना मी एकमेकांना हात लावताना फारसं कधी बघितलं नव्हतं. मी चहा टाकायला आत गेले. आधण उकळत होतं तोवर बाहेरून आवाज यायला लागला, पात्यांचा, किर्र किर्र. थांबायचा. गज पाइपात बसल्याचा ठण्ण. परत किर्र किर्र.

त्यानंतर मामांचा रविवार ठरून गेला. पावसात ओलं गवत पात्यात गुंडाळतं म्हणून मशिन बंद असतं. गवत घोट्यापर्यंत येतं, आणि काकू खूश असतात. त्यांचा चातुर्मास असतो, हिरव्यावर पाय द्यायचा नाही. "किडामुंगीला बी चार म्हैने सुट्टी," त्या म्हणतात. पाऊस उघडला की मामा एक दिवस मशिन पायरीवर घेऊन बसतात, पात्यावर कानस फिरवतात, कागद मागतात.

यंदा त्यांची समोरची नजरही गेली. आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. ब्लॉकची गोष्ट घरात कुणी काढत नाही. मामा गवत कापतात आणि कापून झाल्यावर बूट काढून सगळीकडून फिरून येतात.

दिवाळीनंतर त्यांना आठवडाभर ताप होता. अशक्तपणा होता म्हणून त्या रविवारी मी कापायला घेतलं. मामा शाल पांघरून पायरीवर बसले. मला दिसतंय, मला दोरी कशाला, असं म्हणून मी ती लावलीच नाही.

"डावीकडं निगालीस," ते म्हणाले.

मी बघितलं. निघाले होते. दोरी लावून घेतली.

सगळं कापून झाल्यावर त्यांच्याजवळ येऊन बसले. हात भरून आले होते.

"रंग कसा दिसतोय?" त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. गवत वाढलं होतं, त्यामुळं कापल्यावर बुडाचा पिवळटपणा वर आला होता. कुठं कुठं माती दिसत होती. भिंतीच्या सावलीत मात्र अजून हिरवं होतं.

"पाणी मार आज," मामा म्हणाले. "दोन दिसांत पालवतंय बग. मग परत सांग मला."