घड्याळजींना वाळीत टाकलं तेव्हा

आमच्या गल्लीतले घड्याळजी म्हणजे हट्टाचं दुसरं नाव. साथ आली, सगळ्यांनी मास्क लावायचं ठरलं. हे म्हणाले, "डोळ्याला भिंग लावून काम करतो मी. मास्क लावला की भिंगावर वाफ धरते. केसाएवढी स्प्रिंग काय अंदाजाने बसवू?"

त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, जुना दमा. दोघं दुकानामागच्याच खोलीत राहायचे. "अहो, माझ्यासाठी तरी लावा," म्हणून काकूंनी हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग आम्ही त्यांना वाळीत टाकलं. किती उत्साहाने म्हणून सांगू? रोज संध्याकाळी समोरच्या चहाच्या टपरीवर पंधरा जण खेटून उभे राहायचो आणि मास्क हनुवटीवर ओढून त्यांच्या बेजबाबदारपणावर बोलायचो. सगळ्यात मोठा आवाज माझा. तोंड झाकून शिव्या धड देता येत नाहीत, त्याला मी काय करणार?

महिन्याभरात टपरीवरचे निम्मे अंथरुणाला खिळले. घड्याळजी मात्र ठणठणीत. असणारच, दुकानाकडे कुत्रंही फिरकत नव्हतं. वाणीसुद्धा सामान पायरीवर ठेवून पळायचा. काकू माझ्या बायकोला खिडकीतून म्हणाल्या, "लोक असेच रागावलेले राहू देत गं. तेवढंच बरं."

एवढी अक्कल आम्हाला असती तर आणखी काय हवं होतं? आम्ही अर्थ काढला की मास्कच थोतांड. कालचा गुन्हेगार आज गुरू झाला. जो तो उघड्या तोंडाने घड्याळ घेऊन दुकानात. भिंतीवरचं चांगलं चालणारं घड्याळ काढून मीही गेलो. दोन दिवस खोकला होता मला, पण म्हटलं, थंडीचा असेल. तासभर गप्पा मारल्या. घड्याळजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. काकूंनी मधलं दार लावून घेतलं होतं, पण जेवायला घड्याळजी आतच जायचे ना.

तीन आठवड्यांनी काकू गेल्या.

आम्ही भेटायला गेलो. सगळे मास्क लावून, अंतर राखून, अगदी शहाण्यासारखे. घड्याळजींनीही मास्क लावला होता. तेच म्हणाले, "तुम्ही सगळे सांगत होतात. माझ्या हट्टाने गेली ती."

खोकल्याचं सांगायचं तर तीच वेळ होती. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली.