भिंतीकडं तोंड करून

दुष्काळाच्या साली साखर कारखान्याच्या सभागृहात मधुमेहींची तपासणी होती. मी नर्स, जेवणाच्या सवयींचे प्रश्न विचारून फॉर्म भरत होते. शिरूरकडची एक ऊसतोडीची बाई समोर बसली. तिचं नाव आता आठवत नाही. बोलण्याआधी दर वेळी ती पदरानं तोंड पुसायची, खाताना कुणी पकडल्यासारखं.

"मावशी, तुम्ही कधी लोकांपासून लपून खाता का?"

ती हसली. "लपूनच की, बाई. सासू होती तवा चुलीमागं, आता सुना हायेत तवा दाराआड. बाईमाणसानं समोर बसून खाल्लेलं आमी कधी बघितलंच न्हाई."

फॉर्मच्या लेखी लपून खाणं म्हणजे आजाराचं लक्षण, आणि चौकटी 'हो' आणि 'नाही' एवढ्याच. ज्यानं तो बनवला त्यानं आमच्याकडची चूल पाहिलेली नसावी.

तेवढ्यात तिचे हात थरथरू लागले, कपाळावर घाम फुटला. सकाळी इन्सुलिन घेऊन ती टँकरच्या रांगेत उभी होती. घरच्या सगळ्यांची जेवणं झाली, तिचं राहिलं होतं.

उपाशीपोटी इन्सुलिननं रक्तातली साखर उतरली होती. मी तिला साखरेचं पाणी पाजलं. बरं वाटल्यावर माझ्या डब्यातली भाकरी दिली. तिनं ती घेतली, खुर्ची वळवली आणि भिंतीकडं तोंड करून खाऊ लागली.

मी फॉर्म बाजूला ठेवला. माझीही खुर्ची तिच्याशेजारी भिंतीकडं वळवली आणि उरलेली भाकरी काढली.