चक्की फोटोत आली पाहिजे

माझ्याकडे एक लेन्स आहे आणि तिचा मला मनस्वी तिटकारा आहे. जुन्या मोज्यात गुंडाळून ती कपाटात ठेवलेली असते. दुसरं काही शोधताना हाताला लागली तरी तोंड कडू होतं.

कॅमेरा नामांकित कंपनीचा, जुना पण डिजिटल, रेंजफाइंडर जातीचा. त्याच कंपनीची लेन्स घेण्याची ऐपत कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्याची नसते, म्हणून तिसऱ्याच कोणीतरी बनवलेली ही लेन्स घेतली. एकीत दोन फोकल लेंथ. कडी फिरवली की टक्कन अठ्ठावीस, उलटी फिरवली की पन्नास. अठ्ठावीसवर सगळं अंगण येतं, पन्नासवर फक्त माणूस. मधलं काही नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे लहानपणापासून ऐकत आलो, तरी भुललो. कडी मुळातच सैल होती. यवतमाळच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिच्यातून खवट तेलाचा वास सुटला आणि बोटं चिकट व्हायला लागली. फोटो काढून आलो की मी आधी साबणानं हात धुवायचो.

रेंजफाइंडरमध्ये लेन्समधून बघायचं नसतं. शेजारच्या छोट्या खिडकीतून बघायचं. तिथं पांढऱ्या रेघांची चौकट दिसते, तेवढंच फोटोत येणार असं धरून चालायचं. कंपनीची लेन्स असली की चौकट आपोआप बदलते. या परक्या लेन्सची कडी कुठं आहे याचा कॅमेऱ्याला पत्ताच नसतो. त्यामुळे पन्नासवर फोटो काढायचा असेल तर एक छोटी दांडी आपणच बोटानं ओढून धरायची. कडी एकीकडे नि दांडी दुसरीकडे राहिली, की डोळ्यानं पाहिलेलं एक आणि फोटोत आलेलं भलतंच. मागच्या स्क्रीनवर लगेच तपासता येतं म्हणा. पण आम्हा रेंजफाइंडरवाल्यांना एक माज असतो, की स्क्रीनकडे बघणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणं. तो माज मीही केला.

आमचा सहा-सात जणांचा फोटोवाल्यांचा गट होता. रविवारी गाड्या काढायच्या, बंजाऱ्यांच्या तांड्यांवर जायचं आणि ‘अस्सल चेहरे’ शोधायचे. अस्सल म्हणजे हातात मोबाइल नाही, बाजूला प्लास्टिकची खुर्ची नाही, डोळ्यांवर चष्मा नाही. हे सगळं आम्ही स्वतःच उचलून बाजूला ठेवायचो आणि मग उरलेला अस्सलपणा टिपायचो. गटातले एक दातांचे डॉक्टर म्हाताऱ्यांचे चष्मे काढून आपल्या खिशात ठेवत. एकदा एका बाईचा चष्मा तसाच यवतमाळला आला. तो परत द्यायला कोणी गेलं नाही. मीही नाही.

अशाच एका रविवारी कळंबच्या अलीकडे आत वळून आम्ही एका तांड्यावर गेलो. तिथल्या सत्तरीच्या एका बाईला सगळा तांडा याडी म्हणायचा. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. रोजची ती साधं लुगडंच नेसायची. पण ट्रंकेत आरशांची कांचळी म्हणजे चोळी, आणि फेटिया म्हणजे घेरदार घागरा जपून ठेवल्याचं आम्हाला कळलं, आणि गट तिच्यावर गुळाला मुंगळे लागावेत तसा तुटून पडला.

“फेटिया घालतो मी,” याडी म्हणाली, “पन माही चक्की फोटोत आली पायजे. नाईतर नाई घालत.”

चक्की म्हणजे पिठाची गिरणी. घराला लागून टिनाची खोली, तिच्यात निळ्या रंगाची नवी कोरी मशीन.

“आधी आमी दळन घेऊन दुसऱ्या गावात जाऊ,” तिनं मला सांगितलं. “तो चक्कीवाला गावातल्यायचं आधी दळे, आमचे डबे मांगं सारे. तांड्यातल्या बाया दिवसभर पायरीखाली बसून राहेत. आता हे माही चक्की हाय. इथं कोनीच मांगं नाई बसत. हा बुढा म्हने, तुहा हात जाईन पट्ट्यात.” बाजेवर बसलेला तिचा नवरा हसला. “फोटो मी चक्कीवरच लावीन. लोकायले समजलं पायजे, हे कोनाची व्हय.”

“येईल, याडी. नक्की येईल,” मी म्हणालो.

दंडापर्यंतच्या जाड पांढऱ्या बांगड्या आता तिच्या सुजलेल्या हातात चढत नव्हत्या. सून साबण लावून एकेक बांगडी वर ढकलत होती, आणि याडी दात आवळून बसली होती. अर्धा तास तरी लागला. आम्ही झाडाखाली चिवडा खात होतो.

मला चक्की फोटोत नकोच होती. निळा पत्रा, पट्टा, मोटर? मला हवे होते आरसे आणि सुरकुत्या. याडी चक्कीच्या खोलीच्या दारात उभी राहिली, आत मशीनकडे हात लांब करून. मी दांडी ओढून पन्नासची चौकट आणली. चक्की रेघेच्या बाहेर गेली. तिचा हात कोपराच्या थोडा वर तुटत होता. तुटू दे, म्हटलं, आणि बटण दाबलं.

“आली का चक्की?”

“आली.”

“दाखवा बरं मले.”

“उन्हात दिसत नाही, याडी. मोठा करून आणून देतो.”

घरी येऊन फोटो उघडला आणि बघतच राहिलो. कडी अठ्ठावीसवरच होती. फोटोत सगळं आलं होतं: अख्खी चक्की, मोटर, दळणाचे ओळीनं लावलेले डबे, कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची उचलून पळणारे आमचे दातांचे डॉक्टर. आणि धान्य ओतायच्या नरसाळ्यावर याडीचा तळहात, दुभत्या गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. तिनं मागितलं होतं ते सारं तिथं होतं. तिला उन्हात नुसतं दाखवलं असतं तरी माझं खोटं तिथल्या तिथं खरं झालं असतं.

मी लेन्सला आईवरून शिवी दिली आणि फोटो कापायला बसलो. पन्नासच्या मापानं कापला. चक्की गेली, डबे गेले, डॉक्टर गेले, कोपराच्या वर हात गेला. उरलेला तुकडा जरा भरड दिसत होता. गटातले म्हणाले, भरड आहे म्हणूनच अस्सल वाटतो.

तो तुकडा यवतमाळच्या प्रदर्शनात लागला. बाहेरून आलेले परीक्षक त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “हा चौकटीबाहेर जाणारा हात पाहा. तो कशाकडे जातोय हे दिसत नाही, यातच या स्त्रीची सगळी वेदना आहे.” टाळ्या वाजल्या. तो हात पाच हॉर्सपॉवरच्या चक्कीकडे जात होता आणि ती बाई त्या दिवशी आयुष्यात क्वचित असावी इतकी खुशीत होती. हे त्या सभागृहात फक्त मला माहीत होतं. मी नम्रपणे मान झुकवून बक्षीस घेतलं.

दोन महिन्यांनी तोच फोटो काचेत मढवून मी याडीकडे घेऊन गेलो, एकटाच. म्हाताऱ्या माणसाच्या लक्षात यायचं नाही, अशी माझी नीच आशा होती. चक्की बंद करून ती बाहेर आली. पापण्यांवर पीठ होतं. पदरानं हात पुसून तिनं फोटो घेतला, लांब धरला. मग स्वतःच्या खांद्यापासून बोट फिरवत फिरवत खाली आली. फोटो संपला. बोट लाकडी पट्टीवर गेलं, तिथूनही पुढं हवेत थोडं गेलं आणि थांबलं.

“अन् चक्की?”

“लेन्समध्ये मावली नाही, याडी. लेन्सच खराब आहे.”

त्या घाणेरड्या लेन्सनं चक्की इमानदारीनं घेतली होती, आणि मी तिच्याच माथी खापर फोडत होतो.

याडीनं माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. रागावली नाही. “नवी हाय का मशीन?”

“हो. नवीच आहे,” मी आणखी एक खोटं बोललो.

“मंग होते तसं. माही बी आधी भरडच दळे. दगडायले टाकी मारून घेतली, तवा कुठं नीट झाली. फेकून नको देजो तिले.” आतापर्यंत मला तुमी म्हणणारी ती बाई एकदम तू म्हणायला लागली होती. “थांब तू. मी फेटिया घालून येतो. पुना काढ.”

“राहू द्या ना. हात दुखेल तुमचा.”

“दुखू दे. चक्की आली पायजे ना.”

मनगटावर मागच्या वेळी सोललेल्या कातडीचा डाग अजून होता. तो घेऊन ती आत गेली. अख्खा फोटो माझ्या खिशातल्या मोबाइलमध्ये होता. याडी, चक्की आली होती, मीच कापली, एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. आत सुनेनं पाण्याचा मग आणल्याचा आवाज आला, मग साबण हातावर घासल्याचा, मग याडीचा दाबलेला हुंकार. मला माझी किळस आली. आणि किळस येऊनही तोंड उघडत नाही, याची त्याहून जास्त.

“मास्तर,” ती आतून ओरडली, “या डाव बराबर पाहून घेजो.”

मी कडी अठ्ठावीसवर आणली, दांडी सोडली, पुन्हा एकदा तपासलं आणि ती बाहेर यायची वाट पाहत उभा राहिलो.