एकशे तेरावं पान

बाळांनो, साकोलीच्या कॉलेजात एक माणूस जुने प्रबंध स्कॅन करून विद्यापीठाच्या खुल्या संग्रहात चढवायचा. तो प्रत्येक पान उलटं धरून तपासायचा.

"सुलटं धरलं तं वाचत बसतो, आजी. मंग तपासनं राहून जाते."

तुम्हांला तिकडे घरबसल्या वाचता यावा म्हणून मी माझा तलावांवरचा प्रबंध नेला. त्याने तो अडवला. एकशे बारावं पान दोनदा होतं, एकशे तेरावं नव्हतंच. इतक्या वर्षांत कुणालाच कळलं नव्हतं, मलासुद्धा!

"आत्ता लिहून देते."

"नाही चालत. आजचं पान तवाच्या प्रबंधात कसं जाईन?"

शेवटी 'मूळ प्रतीत पान नाही' अशी नोंद करून त्याने प्रबंध चढवला.

"आता माझी पीएच.डी. काढून घेतील का हो?"

"कायले भेऊन राहिल्या? परीक्षकाईनं वाचला असता तं तवाच सापडलं असतं."