सूरच्या चटईवरचा सहावा फिंजान

मस्कतच्या बौशर भागातली संध्याकाळ मुलाला आवडते, म्हणून मलाही आवडलीच पाहिजे असं नाही. मॉलचे दिवे, मशिदीचा उजळलेला घुमट, वाळूच्या टेकड्यांवर गाड्या उडवणारी पोरं, सगळं आमच्या सातव्या मजल्यावरून दिसतं. मी कोणाला दिसत नाही. बरक्याला दोन वर्षं काढली, तिथे मासळीबाजार उठला की गाव झोपतं. संध्याकाळ बघावी ती सूर बंदराची. ओहोटी लागली की गलबतं चिखलात कलतात, पलीकडच्या काठावरचा दीपस्तंभ पेटतो, माणसं दारासमोर चटया टाकून बसतात. जाणारा-येणारा सलाम केल्याशिवाय पुढे सरकत नाही.

हे मी घरात रोज सांगायचो. सूरला एकतीस वर्षं मी गलबतं बांधली. शाळा चौथीपर्यंत, पण कागदावर रेघ न ओढता फळी नुसत्या डोळ्याने बेतायचो. गुडघे गेले तेव्हा मुलाने इकडे आणलं. एक दिवस तो वैतागला. "अब्बा, एवढं सूर-सूर करता, तर जाऊन राहा की तिथेच."

"जातो. अर्बाब मला नाही म्हणायचा नाही."

दुसऱ्या दिवशी बस धरली. पिशवीत फळी तासायचा माझा वाकस टाकला.

अर्बाब म्हणजे माझा जुना मालक, माझ्याच वयाचा. कारखान्याबाहेर चटईवर एकटाच बसला होता. उठून गळ्यात पडला, खजूर पुढे केले, कहवा ओतला. इथली रीत अशी, की पुरे झालं की रिकामा फिंजान, म्हणजे बिनकानाचा लहानसा कप, हातात हलवायचा. न हलवता पुढे केला तर यजमान ओततच राहतो. तीन झाले की शहाणा माणूस हलवतो. एकतीस वर्षं मी तिसऱ्यालाच हलवला.

त्या दिवशी हलवला नाही. चौथा प्यायलो, पाचवा प्यायलो. मला म्हणायचं होतं, कारखान्यातली माझी जुनी खोली दे, बसून करायचं काही काम दे, पगार नको. तोंडातून निघेना. जन्मात मी कोणाकडे काम मागितलं नाही, लोक माझ्याकडे यायचे. अर्बाब ओतत होता आणि सांगत होता, की त्याचे मुलगे मस्कतला गेले, कारखान्यात आता शोकेसमध्ये ठेवायची वीतभर गलबतं बनतात, आणि माझ्या खोलीत ती विकायचं दुकान आहे.

सहावा ओतताना थोडा कहवा चटईवर सांडला. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मग पिशवीकडे.

"बोल. काय हवंय?"

मी फिंजान हलवला. "खलास. काही नको. तुझ्या दारची संध्याकाळ बघायला आलो होतो."

दीपस्तंभ पेटला होता. समोरून माणसं मोबाइलमध्ये बघत जात होती. तासाभरात एकाने सलाम केला, तोही अर्बाबला.

बौशरला परतलो तर मुलाने दारातच विचारलं, कसं आहे सूर.

"आहे तसंच आहे. तुमच्या बौशरला त्याची सर नाही."

"मग अर्बाबने ठेवून नाही घेतलं?"

"मी विचारलंच नाही," म्हटलं, आणि वाकस काढून खाटेखाली, हात पोचणार नाही इतका आत सरकवला.